ग्रुप प्रोजेक्ट आणि ग्लिटरची बॉर्डर

मावशी, नमस्कार.

मी इंदूरला सीबीएसईच्या शाळेत नववीत आहे. मला चित्रकला खूप आवडते, आणि येते पण. (माझ्याच तोंडाने सांगतेय, पण तुम्हाला खरं सांगायला काय हरकत आहे.) मागच्या टर्मला आम्हाला मणिपूरवर ग्रुप प्रोजेक्ट होतं. मॅडमनी रोल नंबरप्रमाणे पाच-पाच जणांचे ग्रुप पाडले. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं की लोकटाक तळ्याचं मॉडेल करू, तरंगणारी बेटं आणि त्यावर सांगाई हरीण. सगळ्यांनी थम्स-अप टाकले.

मग काम मीच केलं. एका मुलाने थर्माकोल आणला आणि म्हणाला, ‘यार, यात खरं पाणी घालू.’ आम्ही सगळे हसलो, कारण रंग वाहून गेले असते. मी बेटं निळ्या कार्डशीटवर फेविकॉलने चिकटवली. माझ्या मैत्रिणीने माहिती लिहिली, पण तिचं अक्षर गिचमिड आणि कुठल्यातरी धरणाचंच पानभर लिहिलेलं. चार्टला तिने ग्लिटर पेनने बॉर्डर पण काढली होती. चौथी मुलगी नेटवरून प्रिंटआउट घेऊन आली. पाचव्याने काहीच केलं नाही, आमच्याकडे येऊन पोहे खाल्ले आणि वर जिरावन मसाला मागितला. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं सामान आमच्या घरी होतं. मी माहिती परत लिहून काढली, धरणाचं गाळलं कारण जागाच नव्हती, आणि बॉर्डरवर निळा रंग मारला, कारण ती सगळ्या चित्राची वाट लावत होती.

मॅडमना मॉडेल आवडलं. सगळ्यांना सारखे मार्क मिळाले. पण मैत्रीण तेव्हापासून बोलत नाही. म्हणाली, ‘तुझंच प्रोजेक्ट होतं ते, आमची नावं कशाला टाकलीस?’ आता या टर्मला परत तोच ग्रुप आहे. आई म्हणते, जुळवून घ्यायला शीक. बाबा म्हणतात, कला हे कमिटीचं काम नाही, तू आपली एकटी कर. मावशी, जुळवून घेणं म्हणजे माझ्या कल्पना कमी करत जाणं का? तसं असेल तर मला नाही जमणार.

– लोकमान्यनगरची चित्रकार


प्रिय चित्रकार,

आधी बॉर्डरचं बघू. तुझ्या पत्रात तिला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत, पण भांडण तिथेच आहे.

ग्लिटरची बॉर्डर मलाही आवडत नाही. चित्रकला शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, तेव्हा चकाकणाऱ्या बॉर्डरी मी किती सोसल्या असतील याचा तूच विचार कर. ती चित्राची वाट लावत होती असं तू म्हणतेस, तर लावत असेल. पण ती काढायला तुझ्या मैत्रिणीची एक संध्याकाळ गेली असणार. चारी बाजूंनी पट्टी धरून, ओली शाई फिसकटू नये म्हणून मनगट वर उचलून. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि ती संध्याकाळ निळ्या रंगाखाली गेलेली तिने सगळ्या वर्गाबरोबर पाहिली. तिला आधी ना कोणी विचारलं, ना सांगितलं. तुझ्या सांगाईचे डोळे कोणी रात्रीतून परस्पर बदलले असते तर तू त्या व्यक्तीशी किती दिवस बोलली नसतीस?

तेव्हा जाऊन तिची माफी माग. बॉर्डर आवडली नाही याबद्दल माफी मागायची गरज नाही. न विचारता रंग मारला त्याबद्दल माग. ‘मला बॉर्डर पटली नव्हती, ते तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तुला न विचारता रंगवली, हे चुकलं माझं.’ एवढंच बोल. त्याला ‘पण’ जोडू नकोस. ‘पण मॅडमना आवडलं ना’ असं म्हणालीस की केलेली माफी पाण्यात. आणि हे व्हॉट्सॲपवर नको. मधल्या सुट्टीत, ती एकटी असेल तेव्हा जा.

आता तुझा मोठा प्रश्न. तुझ्या पत्रात एक गंमत आहे, ती तुझ्या लक्षात आलेली नाही.

लोकटाकवरची ती बेटं, म्हणजे फुमदी, ही पाण्यात उगवलेली जमीन नाही. गवत, पाणवनस्पती, कुजलेला पाला आणि माती यांचा तो जाड थर असतो. त्याचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकीचा सगळा खाली. पूर्वी कोरड्या दिवसांत तळ्याचं पाणी उतरलं की हा थर खाली बसून तळाला टेकायचा आणि मुळं तिथल्या चिखलातून खायला घ्यायची. पावसाळ्यात पाणी चढलं की तो पुन्हा वर यायचा. वर्षानुवर्षं असं चाललेलं. मग १९८३ मध्ये वीजप्रकल्पासाठी इथाईचा बंधारा सुरू झाला आणि तळ्याचं पाणी बारा महिने वरच राहू लागलं. थर तळाला टेकेना, मुळांची उपासमार झाली, फुमदी पातळ होत चालली. कैबुल लामजाओ हे सुमारे ४० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान बरंचसं अशाच फुमदीवर आहे, आणि रानातलं सांगाई जगात फक्त तिथेच उरलं आहे. पायाखालचा थर पातळ झाला की त्याचे खूर आरपार जातात.

तुझ्या मैत्रिणीने ‘कुठल्यातरी धरणाचंच पानभर’ लिहिलं होतं ना, ते बहुतेक हेच.

म्हणजे बघ, तुमच्या ग्रुपमध्ये काय काय होतं. पाणी वर-खाली होतं आणि सगळी गोष्ट त्यावरच अडली आहे, हे एकीला ठाऊक होतं. मॉडेलमध्ये खरं पाणी घालावं असं एकाला सुचलं होतं, आणि त्याच्या हातात पाण्यावर तरंगणारी वस्तू होती. आणि हरणाच्या खुराखालचं ओलं गवत रंगवू शकेल असा हात तुझ्याकडे होता. हे तिन्ही एका टेबलावर आले असते तर काय झालं असतं? एक पारदर्शक टब. त्यात पाणी. वर थर्माकोलची फुमदी. थर्माकोल फारच वर तरंगतो, म्हणून त्याला खालून सुतळीची मुळं सोडायची आणि त्यांच्या टोकांना वजन लावायचं, म्हणजे तो पुरेसा बुडेल. कूलरच्या पातळ नळीने पाणी काढलं की बेट हळूहळू खाली बसतं, मुळं तळाला लागतात. पाणी घातलं की वर येतं. मग नळीला चिमटा लावायचा: हा इथाईचा बंधारा. आता मुळं नुसती लोंबत राहिली. तिथे मैत्रिणीने उभं राहून चार वाक्यं बोलायची. अक्षर गिचमिड असलं म्हणून काय झालं, बोलताना अक्षर कोणाला दिसतं?

रंग वाहून जातात ही तुझी भीतीही एवढी मोठी नव्हती. पोस्टर कलर वाहतो. ॲक्रिलिक एकदा पुरतं वाळलं की पाण्याला दाद देत नाही. ऑइल पेंट मात्र थर्माकोलवर लावू नकोस, त्यातलं थिनर थर्माकोलला खाऊन टाकतं. त्या मुलाला हसण्याऐवजी ‘रंगाचं काय करायचं?’ एवढं विचारलं असतंस तर हे सगळं त्याच दुपारी निघालं असतं. तू फेविकॉलने बेटं चिकटवलीस आणि तळ्याची जी खरी गोष्ट आहे नेमकी तीच चिकटून बसली.

तुझी कल्पना कमी करायला मी सांगत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती अर्धीच होती. उरलेली अर्धी त्या दोघांकडे होती, आणि तू एकीची पानं गाळलीस, दुसऱ्याला हसलीस. तू उद्धट आहेस असं मला म्हणायचं नाही. छान चित्र काढणाऱ्यांचं असं होतं. डोळ्यांसमोर चित्र इतकं पूर्ण उभं राहतं की दुसऱ्याचं बोलणं लुडबुड वाटायला लागतं.

बाबा म्हणतात कला हे कमिटीचं काम नाही. त्यांना अनंत चतुर्दशीच्या रात्रीची आठवण करून दे. तूही त्यांच्या खांद्यावर बसून झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, पाहिल्या असतीलच. इंदूरच्या कापडगिरण्यांनी ही रीत सुरू केली, त्याला आता शंभरेक वर्षं झाली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही पुढे एकेक करून गेल्या. भोंगे थांबले, पगार अडकले, तरी मिलच्या लोकांनी वर्गणी काढून झांक्या चालूच ठेवल्या. पुढच्या वेळी समोरून बघून झाली की जरा बाजूला जाऊन मागून बघ. पुढे दिव्यांत न्हालेला देव असतो, मागे लाकडी चौकट, मोटार, पट्टा, चाक आणि वायरींचं जंजाळ. देवाचा हात वर जातो तो त्या चाकाच्या जोरावर. चेहरा घडवणारा कलाकार वेगळा, हात किती उचलला जाईल हे सांगणारा फिटर वेगळा, आणि एवढ्या दिव्यांनी जनरेटर बसेल असं बजावणारा वायरमन आणखी वेगळा. मोटारीला हात पेलत नसेल तर कलाकाराला पोकळ, हलका हात घडवावा लागतो. त्याला खाली उतरून मोटारीचं तोंड रंगवता येत नाही, आणि फिटरही देवाच्या भुवया कोरायला जात नाही. पहिला नंबर येतो तो मिलचा. पण कोणाची बोटं कुठे फिरली आहेत हे मिलच्या आवारात सगळ्यांना माहीत असतं.

मला यातून तुझ्यासाठी एकच नियम काढावासा वाटतो: काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि ज्याचा भाग त्याने करायचा. तुमच्याकडे दोन्ही उलटं झालं. ठरवताना चौघांनी थम्स-अप टाकून अंग काढून घेतलं आणि करताना तू पाचही जणांचं केलंस. आईचं ‘जुळवून घे’ अपुरं पडतं ते इथे. करताना जुळवून घ्यायचं म्हणजे प्रत्येक रेघेला चौघांची परवानगी मागायची, आणि त्याने चित्राचा खरोखरच लगदा होतो. तेवढ्यापुरते बाबा बरोबर आहेत. एकदा हरीण तुझ्याकडे आलं की ते कुठल्या तपकिरीत रंगवायचं यावर मतदान नको. ‘तुझं हरीण आहे, तू बघ’ असं त्यांनी म्हणायचं. तसंच धरणाचं पान तिचं असेल तर त्यावर तुझं पेन चालवायचं नाही.

आणि पान खरंच वाचता येत नसेल तर? तर ते आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी सांगायचं, तिच्याच तोंडावर. ‘हे मला वाचता येत नाहीये, मॅडमना कसं येईल?’ यात अपमान नाही. मग ती पुन्हा लिहील, टाइप करेल, किंवा ‘तू लिहून दे’ म्हणेल. तिने म्हटल्यावर लिहिलंस तर ती मदत. न विचारता लिहिलंस तर तेच अक्षर, तोच मजकूर, आणि वर अबोला. त्यासाठी मधे एक दिवस कच्च्या जुळणीचा ठेवा. सगळ्यांनी आपापला भाग अर्धामुर्धा का होईना घेऊन यायचं आणि टेबलावर एकत्र मांडायचा. काय कमी पडतंय, काय एकमेकांच्या अंगावर येतंय ते तिथे दिसतं. सबमिशनच्या आदल्या रात्री फक्त राग येतो आणि हातात ब्रश असतो.

आता ठरवायचं कसं, कारण व्हॉट्सॲपवर काहीही ठरत नाही. पाच जणांना एका खोलीत बसवून ‘हं, सांगा आयडिया’ म्हणायचं, ही पद्धत ऐकायला फार लोकशाहीची वाटते. १९५८ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं होतं. चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना एकीकडे, आणि एकटं-एकटं बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज दुसरीकडे. एकट्यांची बेरीज पुष्कळच जास्त भरली. पुढे १९८७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्याचं एक कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि पाळी येईपर्यंत डोक्यातलं विरून जातं. यातून तुझ्या कामाचं एवढंच घे. बोलायच्या आधी पाचही जणांनी वेगळं बसून कागदावर लिहायचं. पंधरा मिनिटं, कमीत कमी तीन कल्पना, चित्र काढलं तरी चालेल. मग सगळे कागद एकत्र करून एकाने वाचायचे, नाव न सांगता. ‘खरं पाणी घालू’ हे त्या मुलाच्या तोंडून आलं म्हणून तुम्ही हसलात. कागदावर आलं असतं तर कदाचित थांबला असतात.

वाचताना तुझी कल्पना पडेल, असंही होईल. मला ते लपवायचं नाही. चौघांना गाव करायचं असेल आणि तुला जंगल, तर गाव होईल. तेव्हा एक तर तिथेच भांडून घे, नाहीतर मनापासून गाव कर. तोंड पाडून, कसंबसं, ‘बघा मी सांगत होते’ म्हणायची सोय ठेवून केलेलं काम मी वर्गात खूप पाहिलं आहे, ते लगेच ओळखू येतं. फक्त एका बाबतीत हट्ट सोडू नकोस. चौघं जर म्हणाले की नेटवरून उतरवून चिकटवू या, कोणाला काय कळतंय, तर तू नाही म्हण. ती कल्पनाच नाही, त्यामुळे तिथे जुळवून घेण्यासारखं काही नाही.

आता आपले पोहेवाले. जिरावन मागितलं यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, इंदूरचा मुलगा आहे. पण त्याच्या आळसावर थोडं थांबू, कारण तू त्याला स्वभाव समजून सोडून दिलं आहेस. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती, ती आकडेवारी १९१३ मध्ये छापली गेली. दोराला जितके जास्त हात, तितकी प्रत्येकाची ओढ कमी. १९७९ मध्ये अमेरिकेत लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगून पाहिलं, तरी तेच. आपल्याबरोबर आणखी काही जण ओरडताहेत असं नुसतं वाटलं तरी माणसं आवाज कमी करत होती. आणि पुढच्या प्रयोगांत, आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की पुन्हा घसा फोडत होती. तुमच्या पाचव्याला कोणी काही मोजून दिलंच नव्हतं. ‘मदत कर’ म्हटल्यावर मुलगे काय मदत करतात, हे तुझ्या आईला विचार. त्याला एक असा भाग द्या की जो त्याने केला नाही तर टेबलावर भोक दिसेल. टब आणि नळी आणायची, गळत नाही याची खात्री करायची, वर्गासमोर पाणी त्यानेच सोडायचं. तरीही नाही केलं तर भोक राहू दे. ते भोक तू रात्री जागून बुजवायचं नाही. मॅडमना एका वाक्यात सांगायचं, ‘हा भाग अमक्याकडे होता,’ आणि पुढे जायचं.

सगळ्यांना सारखे मार्क याचा तुला राग आला असणार, तू लिहिलं नाहीस तरी वाक्यात दिसतोच. नववीला एका विषयाच्या १०० गुणांपैकी वार्षिक परीक्षेचे ८०, अंतर्गत मूल्यमापनाचे २०, आणि अशा उपक्रमाच्या वाट्याला त्यातले ५. त्या पाचांतल्या अर्ध्या गुणासाठी मैत्रीण गेली तर सौदा महाग आहे. पण श्रेय मिळावं हे वाटणं रास्त आहे. त्यासाठी फाइलच्या शेवटच्या पानावर ‘कोणी काय केलं’ असं लिहायची मॅडमकडे परवानगी माग, आणि ते पान पाचही जणांनी एकत्र बसून लिहा. त्यात ‘पाण्याची कल्पना’ असंही एक काम असतं आणि त्यापुढे नाव असतं, हे विसरू नका.

राहिली तुझी भीती: इतरांबरोबर काम करत राहिलं तर माझं असं काही उरणारच नाही. तुझ्याच गावात त्याचं उत्तर आहे. देवळालीकरांच्या चित्रशाळेत चित्रकार बेंद्रे शिकले, एम. एफ. हुसेन शिकले, डी. जे. जोशी आणि विष्णू चिंचाळकर शिकले. एकाच गुरूच्या हाताखाली, एकाच तऱ्हेच्या अभ्यासातून गेलेली ही मंडळी, आणि चौघांची चित्रं शेजारी ठेवली तर चार वेगळ्या दिशांना तोंड करून उभी राहतात. हुसेन मुंबईला गेल्यावर पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. तिथे चेहरा नट-नटीचा, मागणी मालकाची, मुदत शुक्रवारची. त्याने त्यांची रेघ मेली नाही. उलट एवढ्या मोठ्या फळीवर हात न थरथरता चालवायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असं मला त्यांचे घोडे बघताना वाटतं.

चिंचाळकर गुरुजींचं तर तू मुद्दाम बघ. वाळलेलं पान, काटकी, दगड, फुटकी वस्तू जशी सापडेल तशी घ्यायची आणि तिच्यात जे लपलं आहे ते दाखवायचं, हा त्यांचा छंद. वस्तू त्यांच्या मर्जीची नसायची, दुसऱ्याने टाकून दिलेली असायची. त्यांच्या हातात तुझ्या मैत्रिणीचं ग्लिटर पेन पडलं असतं तर? मी त्याचा विचार केला. चार्टच्या कडेला ती रेघ भडक दिसते हे खरं. पण तीच रेघ फुमदीच्या काठाकाठाने, पाणी जिथे गवताला लागतं तिथे बारीक ओढली असती तर पाण्यावरचं ऊन झालं असतं. तिला नुसतं ‘तुझं पेन इथे चालव’ म्हणायचं होतं.

याशिवाय एक वही ठेव, जिच्यावर फक्त तुझं नाव आहे. त्यात सांगाईला पंख फुटले तरी कोणाला विचारायचं नाही, मॅडमना दाखवायचं नाही, आईलाही नाही. ज्यांच्याकडे अशी वही असते त्यांना ग्रुपच्या चार्टवर आपलंच राज्य हवं अशी भूक कमी लागते, हा माझा वर्गातला अनुभव. ग्रुपचं काम एवढ्यासाठीच चिडचिडीचं होतं की वर्षभरात चित्र काढायची तेवढी एकच संधी मिळते. शाळांनी चित्रकलेचे तास आणखी दिले असते तर तुझ्यासारख्यांची अर्धी पत्रं मला आलीच नसती, पण ते भांडण माझं आहे, मी भांडते.

आईला सांग, मावशी म्हणाल्या पोहे चालू ठेवा. बाबांना सांग, झांकी मागूनही बघा.

आणि शेवटचं, जे खरं तर सगळ्यात आधी करायचं: पुढची बैठक तुझ्या घरी ठेवू नकोस. टेबल तुझं, रंग तुझे, पोहे तुझ्या आईचे, सामान रात्री तुझ्याकडे मुक्कामाला, मग प्रोजेक्ट तुझं वाटायला कितीसा वेळ लागतो? या वेळी दुसऱ्या कोणाकडे जमा. शाळेत प्रयोगशाळेतलं एखादं कपाट मिळतंय का ते मॅडमना विचारा. नाहीच मिळालं तर मॉडेल एकाच्या घरी राहू दे, आणि कटर, रंग, फेविकॉल दुसऱ्याच्या.

– तुझी मावशी